बुरशीचा कॉर्निअल अल्सर: थेंब चालू असताना सुई कधी उचलायची?

तालुका_नेत्र (प्रश्न)

ऊसतोड आणि मळणीच्या दिवसांत बुबुळाला (कॉर्नियाला) पातं किंवा कुसळ लागून झालेले बुरशीचे अल्सर (जखमा) वाढतात. औषध कोणतं द्यायचं यावर बरंच वाचायला मिळतं, पण ते बुबुळात पोचवायचं कसं यावर एका जागी नीट काही सापडत नाही. म्हणून एक नमुना पेशंट समोर ठेवतो.

वय पन्नाशीच्या आसपास, शेतमजूर, उसाचं पातं लागून १२ दिवस. इन्फिल्ट्रेट (संसर्गाचा पांढरा डाग) ४.५ × ४ मिमी, कडा पिसासारख्या, बाजूला एक छोटा सॅटेलाइट (सुटा ठिपका). खोली साधारण अर्ध्या स्ट्रोमापर्यंत (बुबुळाचा मधला जाड थर), पातळपणा नाही. हायपोपिऑन (बुबुळामागे साचलेला पू) १ मिमी. केओएचमध्ये (खरवडलेल्या नमुन्याची स्लाइड तपासणी) पडदे असलेले हायफी (बुरशीचे धागे). नॅटामायसिन (बुरशीविरोधी थेंब) ५ टक्के दर तासाला सुरू करून ६ दिवस झाले. अल्सर वाढलेला नाही, पण डोळ्यांत भरावा इतका कमीही नाही.

इथून पुढे काय करायचं? थेंब तेच ठेवून थांबायचं, व्होरिकोनाझोलचे थेंब जोडायचे, स्ट्रोमात इंजेक्शन द्यायचं, अँटिरियर चेंबरमध्ये (बुबुळामागची पाण्याची पोकळी) अँफोटेरिसिन सोडायचं की गोळ्या सुरू करायच्या? प्रत्येकाचं प्रमाण, बनवायची पद्धत आणि कुठे चुकतं हेही लिहावं. आमच्याकडे ऑपरेशन मायक्रोस्कोप आहे, पण कॉर्नियाचा तज्ज्ञ ८० किलोमीटरवर.

---

कॉर्निया_ओपीडी

सर, तुम्ही दिलेल्या पेशंटमध्ये औषध अजून हरलेलं नाही. बुरशीच्या अल्सरमध्ये ६ व्या दिवशी ‘वाढला नाही’ हा चांगला निरोप असतो. बॅक्टेरियाच्या अल्सरची सवय लागलेल्या डोळ्याला तो अपयश वाटतो आणि तिथेच घाईने सुई उचलली जाते.

थेंबाचं गणित आधी बघू. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा, पापणीच्या खोबणीत अश्रू असतात ७ ते १०, आणि जेमतेम ३० मावतात. उरलेलं गालावर किंवा नाकावाटे घशात जातं. आत शिरतं ते १ ते ५ टक्के. त्यात शाबूत एपिथेलियम (बुबुळाचा सगळ्यात वरचा थर) ५०० डाल्टनपेक्षा मोठ्या रेणूला सहज वाट देत नाही. नॅटामायसिनचा रेणू साधारण ६६६, अँफोटेरिसिन बी चा ९२४, व्होरिकोनाझोलचा ३४९. कागदावर व्होरिकोनाझोल सरळ जिंकायला हवं, ते अ‍ॅक्वियसपर्यंत (चेंबरमधल्या पाण्यापर्यंत) पोचतंसुद्धा.

प्रत्यक्षात उलट झालं. अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या म्यूट-१ चाचणीत (२०१३, ३२३ रुग्ण) नॅटामायसिनवाल्यांची ३ महिन्यांनंतरची दृष्टी सरासरी १.८ ओळींनी चांगली होती, आणि बुबुळ फुटणं किंवा तातडीची केराटोप्लास्टी (बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया) लागणं कमी होतं. फ्युझेरियममध्ये तर फरक ४.१ ओळींचा. इतर बुरशींमध्ये दोन्ही जवळपास सारखे ठरले.

मला यातून कळतं ते असं की ‘आत किती शिरतं’ एवढ्यावर मार्ग निवडता येत नाही. नॅटामायसिन हे सस्पेन्शन आहे. १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, पण पाण्यात विरघळतं त्यातलं अगदी नगण्य. बाकीचे कण उघड्या अल्सरच्या तळाला चिकटून बसतात आणि तिथूनच सावकाश झिरपत राहतात. एपिथेलियम गेलेलं असल्यामुळे तिथे रेणूच्या आकाराची अडचणही कमी असते. व्होरिकोनाझोल पटकन शिरतं आणि पटकन निघूनही जातं. शिवाय फ्युझेरियमला मारायला लागणारी त्याची मात्रा जास्त असते.

म्हणून माझा क्रम असा. तुमच्या पेशंटला नॅटामायसिन दर तासाला, जागेपणी, पहिला पूर्ण आठवडा. मग दर २ तासांनी, ३ आठवडे पूर्ण होईपर्यंत. म्यूटमध्ये हीच वेळ होती. सोबत होमॅट्रोपिन २ टक्के किंवा अ‍ॅट्रोपिन १ टक्का. प्रेशर वाढलं तर टिमोलॉल. स्टेरॉइड कुठल्याही रूपात नाही, अँटिबायोटिकबरोबर मिसळून येणारे थेंबही त्यात आले. पेशंट गावातल्या दुकानातून तसं काही घेऊन टाकत नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारा. बाटली दाखवायला सांगा, नाव विचारून उपयोग नाही.

नॅटामायसिन नीट पडूनही अल्सर सरकत असेल, किंवा २ आठवड्यांत हलत नसेल, तर पुढची पायरी व्होरिकोनाझोल १ टक्क्याचे थेंब जोडणं. सुई त्यानंतर. दिल्लीच्या एम्समध्ये २०१३ साली नेमका हाच प्रश्न तपासला गेला. २ आठवडे नॅटामायसिनला दाद न दिलेल्या ४० रुग्णांत निम्म्यांना व्होरिकोनाझोलचे थेंब जोडले, निम्म्यांना स्ट्रोमात इंजेक्शन दिलं. थेंबवाल्यांची दृष्टी चांगली राहिली. पुढे २०१९ मध्ये सुरुवातीपासूनच नॅटामायसिनला इंजेक्शनची जोड देऊन पाहिलं, तेव्हा फायदा दिसला नाही आणि सुईवाल्या गटात बुबुळ फुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. सुई उचलताना हा निकाल नजरेसमोर असायला हवा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. म्यूट-२ (२०१६, २४० रुग्ण) मध्ये तोंडावाटे व्होरिकोनाझोल जोडल्याने बुबुळ फुटणं वा केराटोप्लास्टी कमी झाली नाही. लिव्हरचे एन्झाइम वाढणं, दिसण्यात तात्पुरते फरक पडणं हे त्रास मात्र वाढले. त्यामुळे सरसकट गोळ्या नकोत. लिंबसपर्यंत (बुबुळाची कड) किंवा स्क्लेरात (डोळ्याचा पांढरा भाग) पसरलेला अल्सर, आत एंडोफ्थॅल्मायटिसची (डोळ्याच्या आतल्या संसर्गाची) शंका, केराटोप्लास्टीनंतर कडेला पुन्हा दिसलेली बुरशी, अशा ठिकाणी मी देतो: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग २०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणाच्या १ तास आधी किंवा नंतर. लिव्हरच्या तपासण्या सुरुवातीला आणि मग दर २ आठवड्यांनी.

क्रॉस-लिंकिंगचं मशीन जवळ असलं तरी यात वापरू नका. क्लेअर चाचणीत (२०२०, १११ रुग्ण) रायबोफ्लेविन-यूव्ही जोडल्याने फायदा झाला नाही, दृष्टी उलट कमी राहिली.

---

नेत्र_वॉर्ड

वर ‘नॅटामायसिन नीट पडूनही’ असं लिहिलंय, त्या ‘नीट’बद्दल. निम्म्या ‘औषधाला दाद न देणाऱ्या’ अल्सरचं उत्तर तिथेच असतं.

बाटली मोजा. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० ते २५ थेंब. जागेपणी दर तासाला म्हणजे दिवसाला १६. पहिल्या आठवड्यात ११२ थेंब. पुढचे दोन आठवडे दर २ तासांनी, दिवसाला ८, म्हणजे आणखी ११२. एकूण २२४ थेंब, साधारण ९ ते ११ मिलिलिटर, तेही एकही थेंब गालावर न सांडता. म्हणजे ५ मिलिलिटरच्या २ बाटल्या जेमतेम, खरं तर ३. पेशंट ६ व्या दिवशी आला आणि पहिलीच ५ मिलिलिटरची बाटली अर्धी भरलेली दिसली, तर दर तासाला थेंब पडलेले नाहीत. तोंडी विचारलं तर प्रत्येक जण ‘टाकतो की वेळच्या वेळी’ म्हणतो. बाटली खोटं बोलत नाही.

दुसरं, हलवणं. सस्पेन्शन तळाला बसतं. न हलवता टाकलं तर आधीचे थेंब नुसतं पाणी आणि बाटली संपत येताना दाट दही. प्रत्येक वेळी १० सेकंद चांगली हलवायची. नोजलवर पांढरी खपली धरते आणि थेंब येईनासा होतो. मग घरात सुई किंवा टाचणी घालून भोक मोकळं करतात. तसं झालं की बाटली टाकून द्यायची. त्यापेक्षा थेंब टाकल्यावर नोजल निर्जंतुक गॉजने टिपून टोपण लावायला शिकवा.

तिसरं, क्रम. दोन औषधांत ५ मिनिटं अंतर, विरघळलेलं आधी, सस्पेन्शन शेवटी. आधी नॅटामायसिन आणि लगेच वरून दुसरं टाकलं तर तळाला बसायचे कण धुऊन जातात. खालची पापणी खाली ओढून खिसा करायचा, एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोटाने २ मिनिटं हलका दाब. दोन थेंब टाकल्याने औषध दुप्पट होत नाही, फक्त सांडतं.

चौथं, साठवण. नॅटामायसिन २ ते २४ अंशांत, उजेडापासून लांब. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात ते शक्य नाही. फ्रीज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्याजवळ ठेवायला सांगतो. फ्रीज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं तर वाया गेलं.

आणि तपासताना एक. अल्सरवर पांढरा थर दिसला म्हणून ‘प्लाक वाढला’ असं लिहू नका. नॅटामायसिनचेच कण साचतात. ओल्या निर्जंतुक बडने अलगद टिपा. निघून आलं आणि खालचा तळ स्वच्छ दिसला तर ते औषध होतं. मोजमाप टिपल्यावरच घ्या.

---

औषधी_कक्ष

बनवण्याची प्रमाणं देतो. सगळं लॅमिनार फ्लोमध्ये, आणि प्रत्येक सिरिंजवर नाव, ताकद, तारीख, वेळ. लेबल न लावलेली सिरिंज टेबलावर ठेवायचीच नाही.

व्होरिकोनाझोल १ टक्का, थेंब. २०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये १९ मिलिलिटर स्टराइल वॉटर. पूड जागा घेते म्हणून एकूण २० मिलिलिटर होतं, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. २० मिलिलिटर घातलं तर ताकद कमी पडते, ही नेहमीची चूक. द्रावण स्वच्छ, रंगहीन दिसायला हवं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढता येतं. फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणून मी ७ दिवसांची मुदत लिहितो. बाजारात पूड आणि द्रावक वेगळं देणारे तयार थेंबही मिळतात. ते द्यायचे असतील तर काउंटरवरच मिसळून द्या, घरी कोणी साधं पाणी घालू नये.

व्होरिकोनाझोल, स्ट्रोमातलं इंजेक्शन. लागतं ५० मायक्रोग्रॅम ०.१ मिलिलिटरमध्ये. व्हायलमध्ये १९ मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, झालं १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन आणखी १९ मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, झालं ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. दुसरी पायरी विसरली तर २० पट ताकद स्ट्रोमात जाते. म्हणून दोन माणसांनी वाचून सही करायची. ताजं बनवायचं, उरलेलं टाकायचं.

अँफोटेरिसिन बी ०.१५ टक्का, थेंब. डीऑक्सिकोलेटचा ५० मिलिग्रॅमचा व्हायल, १० मिलिलिटर स्टराइल वॉटर, ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यातलं ३ मिलिलिटर आणि ७ मिलिलिटर स्टराइल वॉटर. पिवळसर दिसतं. उजेडापासून झाकून फ्रीजमध्ये, ७ दिवस. हे मुख्यतः कॅन्डिडासाठी.

अँफोटेरिसिन बी, अँटिरियर चेंबरसाठी, ५ मायक्रोग्रॅम ०.१ मिलिलिटरमध्ये. वरचं ५ मिलिग्रॅमवालं १ मिलिलिटर + ५ टक्के डेक्स्ट्रोज ९ मिलिलिटर = ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यातलं १ मिलिलिटर + डेक्स्ट्रोज ९ मिलिलिटर = ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. १० मायक्रोग्रॅम हवं असेल तर दुसऱ्या पायरीला २ मिलिलिटर + ८.

अँफोटेरिसिनमध्ये सलाइन किंवा रिंगर कधीही नाही. क्षार लागला की कोलॉइड फुटतं आणि साका बसतो. ढगाळ दिसलं तर फेकून द्या. त्याला ०.२२ मायक्रॉनचा फिल्टरही लावू नका, औषधच फिल्टरवर अडकतं आणि सिरिंजमध्ये नुसतं डेक्स्ट्रोज उतरतं. लक्षात ठेवायची सोपी खूण: व्होरिकोनाझोलला रिंगर, अँफोटेरिसिनला डेक्स्ट्रोज.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेनंतर अनेक औषधसाठ्यांत अँफोटेरिसिनचे दोन-तीन प्रकार शेजारीशेजारी आले: साधं डीऑक्सिकोलेट, लिपोसोमल आणि लिपिड इमल्शन. तिन्हींवर ‘अँफोटेरिसिन बी ५० मिलिग्रॅम’ हे मोठ्या अक्षरांत असू शकतं. लिपोसोमलच्या व्हायलमध्ये १२ मिलिलिटर पाणी घालतात आणि ताकद ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होते. वरचं गणित त्याला लावलं तर सगळं चुकतं. वरची प्रमाणं फक्त डीऑक्सिकोलेटची आहेत.

नॅटामायसिन दुकानात नसेल तेव्हा दोन पर्याय हातात दिले जातात. एक, फ्लुकोनाझोल ०.३ टक्क्याचे थेंब. ‘अँटिफंगल’ म्हणून सहज मिळतात, पण फ्युझेरियम-अ‍ॅस्परजिलसवर त्यांचा उपयोग नाही, नुसता वेळ जातो. दुसरा, क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के. नेपाळमधल्या लहान नावाच्या शहरात झालेल्या चाचणीत (२०२२) ते नॅटामायसिनपेक्षा कमीच ठरलं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणजे नॅटामायसिन येईपर्यंतचा पूल. मात्र ते डोळ्यासाठी निर्जंतुक बनवलेलंच हवं. माउथवॉशवरही ०.२ टक्के हाच आकडा असतो. त्यात रंग, सुगंध आणि बऱ्याचदा अल्कोहोल असतं, डोळ्यात गेलं तर उरलंसुरलं एपिथेलियमही जातं. ऑपरेशनपूर्वी हात धुवायचं क्लोरहेक्सिडिनही तसंच वर्ज्य.

---

तालुका_नेत्र

बाटलीचं गणित आणि डायल्यूशन दोन्ही छापून ओपीडीच्या भिंतीवर लावतो. दोन गोष्टी अजून. स्ट्रोमातलं इंजेक्शन कधी आणि नेमकं कसं? आणि दर २ दिवसांनी एपिथेलियम खरवडून काढलं तर नॅटामायसिन आत जास्त जाईल, हे बरोबर का?

---

कॉर्निया_ओपीडी

खरवडण्याचं आधी. पहिलं स्क्रेपिंग हवंच: नमुन्यासाठी, आणि वरची मेलेली पापडी निघून औषधाला वाट मिळते म्हणून. पण नंतर ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा एपिथेलियम काढल्याने फायदा झाला नाही, हे म्यूटच्या आधी २०१० साली छापून आलेल्या छोट्या चाचणीत दिसलं होतं. भरून येणारी कड आपणच उकरतो. अल्सरवर सैल, कोरडा प्लाक बसला असेल आणि तो औषध अडवत असेल, तर तेवढाच उचला.

आता सुई. माझ्या मते जागा अशी: नॅटामायसिन आणि व्होरिकोनाझोल दोन्हीचे थेंब खात्रीने पडत आहेत, तरी इन्फिल्ट्रेट मधल्या किंवा खोल स्ट्रोमात सरकतंय, वरचा एपिथेलियम भरत आलाय पण आत धग आहे. म्हणजे थेंबाला दार बंद झालंय आणि बुरशी आत आहे. तिथे सुईला अर्थ आहे. स्ट्रोमा अर्ध्याहून पातळ झालेला असेल, डेसमेटोसील (शेवटचा पातळ पडदा बाहेर फुगलेला) दिसत असेल, किंवा अल्सर लिंबसला टेकला असेल तर सुई नाही. पाणी भरल्याच्या दाबाने तिथे बुबुळ फुटतं.

पद्धत. ओटीमध्ये मायक्रोस्कोपखाली. प्रोपॅराकेनचे थेंब, घाबरलेला पेशंट असेल तर पेरिबल्बर ब्लॉक. पोव्हिडोन आयोडीन ५ टक्के, स्पेक्युलम. १ मिलिलिटरची सिरिंज, ३० गेजची सुई, तोंड खाली. आत शिरायचं ते स्वच्छ, पारदर्शक बुबुळातून, तिरकं, अल्सरच्या कडेजवळ मधल्या स्ट्रोमात. अल्सरमधून कधीही शिरू नका, सुईच्या टोकावर हायफी बसून निरोगी स्ट्रोमात किंवा थेट चेंबरमध्ये जातात. थोडं औषध सोडलं की बुबुळ पांढरट धुरकट होतं. तो पांढरेपणा अल्सरच्या कडेला पोचला की थांबायचं. सुई काढण्याआधी प्लंजर किंचित मागे ओढा, म्हणजे औषध वाटेने परत बाहेर येत नाही. असं सभोवार ५ ठिकाणी, प्रत्येक टोचणीत थोडं थोडं, पाचही पांढरे पट्टे एकमेकांना भिडून अल्सरभोवती कडं तयार होईपर्यंत. एकूण साधारण ०.१ मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी बुबुळ धुरकट दिसतं, ते इंजेक्शनचं पाणी असतं, घाबरू नका. गरज पडली तर ७२ तासांनी पुन्हा. दोन-तीन वेळा देऊनही सरकत असेल तर तो मार्ग संपला.

सिरिंजबद्दल एक इशारा, कारण ही चूक बारीक आणि घातक आहे. बरेच जण इन्सुलिन सिरिंज घेतात. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही मिळतात. ४० च्या सिरिंजमध्ये ०.१ मिलिलिटर म्हणजे ४ युनिट, १०० च्या सिरिंजमध्ये १० युनिट. ‘दहा युनिटपर्यंत भर’ असं नर्सला सांगितलं आणि हातात ४० ची आली, तर अडीच पट औषध भरलं जातं. मिलिलिटरच्या खुणा असलेली ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या, प्रश्न मिटला.

अँटिरियर चेंबरमधलं अँफोटेरिसिन मी आणखी मागे ठेवतो. आतल्या पटलावर एंडोथेलियल प्लाक आहे, किंवा हायपोपिऑन जाडसर, चिकट, वाढतं आहे, म्हणजे बुरशी डेसमेटच्या (बुबुळाच्या आतल्या पातळ पडद्याच्या) पलीकडे गेल्याची शंका, अशा वेळी. बुरशीचं हायपोपिऑन बॅक्टेरियासारखं निर्जंतुक असेलच असं नाही. आधी लिंबसजवळून थोडं अ‍ॅक्वियस बाहेर सोडा (ते स्मिअर-कल्चरला पाठवा), मग तेवढंच ०.१ मिलिलिटर सावकाश आत. चेंबरमध्ये जेमतेम पाव मिलिलिटर मावतं, त्यामुळे आधी काही न सोडता औषध दामटलं तर प्रेशर चढतं आणि मऊ झालेला अल्सर फुटतो. अ‍ॅक्वियस दर दीड-दोन तासांनी नवं होतं, म्हणजे औषधही काही तासांत धुऊन जातं. एका इंजेक्शनवर विसंबून चालत नाही. नंतर दुखणं आणि आयरायटिस वाढतो, लेन्सला त्रास होऊ शकतो. पेशंटला आधीच सांगून ठेवा.

तुमचं अंतर ८० किलोमीटर आहे, म्हणून माझं प्रामाणिक मत: थेंब तुमच्याकडे, स्ट्रोमातली सुई पहिली एकदा कोणाच्या हाताखाली केल्यावर तुमच्याकडे, चेंबरमधलं इंजेक्शन मात्र जिथे त्याच दिवशी केराटोप्लास्टी होऊ शकते तिथेच. २ मिमीच्या आतलं छिद्र पडलं तर सायनोअ‍ॅक्रिलेट आणि बँडेज लेन्स लावून पाठवता येतं, त्याहून मोठ्याला टिश्यू लागतो.

---

सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

मार्ग बदलण्याआधी एकदा लॅबकडे परत या. तीन कारणं.

‘पडदे असलेले हायफी’ एवढ्यावर फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस वेगळे होत नाहीत, कल्चर लागतं. सॅबोरोड अगारवर बऱ्याचदा ३ ते ५ दिवसांत कॉलनी दिसते. फ्युझेरियम निघालं तर नॅटामायसिनवरच ठाम राहा. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस निघालं तर नॅटामायसिनची लागणारी मात्रा बरीच जास्त असते, तिथे व्होरिकोनाझोलचे थेंब लवकर जोडण्याला आधार आहे.

दुसरं, पिथियम. केओएचमध्ये बुरशीसारखंच दिसतं, पण हायफी रुंद, फितीसारखे, पडदे तुरळक किंवा नाहीतच. अल्सरभोवती काटेरी फांद्यांसारखे, ठिपक्या-ठिपक्यांचे पसरलेले धागे असतात. त्याच्या आवरणात एर्गोस्टेरॉल जवळजवळ नसतं, आणि नॅटामायसिन, अँफोटेरिसिन दोन्ही एर्गोस्टेरॉललाच धरतात. मग थेंबाने द्या, सुईने द्या, चेंबरमध्ये द्या, फरक पडत नाही. तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि लिनेझोलिड लागतं, आणि केराटोप्लास्टीचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

तिसरं, औषध चालू असताना घेतलेलं स्क्रेपिंग निगेटिव्ह आलं म्हणजे बुरशी गेली असं नाही. खोल अल्सरमध्ये वरचा थर स्वच्छ आणि आत जिवंत हायफी, हे नेहमीचं. जमत असेल तर २४ तास थेंब थांबवून, अल्सरच्या कडेने आणि तळातून नमुना पाठवा. ब्लेड १५ नंबरचं. स्लाइडवर पातळ पसरवा, गोळा करून ठेवलेला चिखल वाचता येत नाही.

---

तालुका_नेत्र

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. सुधारतंय की नाही हे ठरवायला तुम्ही नेमकं काय लिहून ठेवता? आणि वर गोळ्यांचा विषय आला, तर शुगरच्या पेशंटला व्होरिकोनाझोल देताना काय बघायचं?

---

कॉर्निया_ओपीडी

चार नोंदी, प्रत्येक भेटीत. इन्फिल्ट्रेटचे सगळ्यात लांब आणि त्याला काटकोनातले असे दोन व्यास, एपिथेलियल डिफेक्टचे तसेच दोन, पातळपणा अंदाजे टक्क्यांत, हायपोपिऑनची उंची मिमीमध्ये. स्लिटची उंची फिरवून मोजा, नजरेने नको. सोबत एक फोटो, त्याच मॅग्निफिकेशनचा. बुरशी हटायला लागली की आधी कडांची पिसं बोथट होतात, मग मधला पांढरेपणा विरळ होतो. व्यास सगळ्यात शेवटी कमी होतो. डिफेक्ट तसाच, पण इन्फिल्ट्रेट विरळ आणि बाकी बुबुळावर बारीक ठिपके, असं दिसलं तर औषधाचाच त्रास होतोय. थेंब वाढवायचे नाहीत, कमी करायचे.

एपिथेलियम भरलं म्हणून लगेच बंदही करू नका. त्यानंतर किमान २ आठवडे दिवसातून ४ वेळा चालू ठेवतो.

---

औषधी_कक्ष

शुगरबद्दल. ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइडसारख्या गोळ्यांची मात्रा व्होरिकोनाझोलमुळे रक्तात वाढते, शुगर अचानक उतरू शकते. पहिल्या आठवड्यात घरी ग्लुकोमीटरने रोज बघायला सांगा, आणि त्यांच्या फिजिशियनला आधी फोन करा. वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर बंद करण्याबद्दल विचारा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन, किंवा फिटसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर व्होरिकोनाझोल द्यायचंच नाही, रक्तात टिकतच नाही. आणि शेतात काम करणाऱ्याला उन्हाचं सांगा: लांब बाह्या, टोपी. या गोळीवर कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल होते, आणि गोळी घेतल्यावर तासभर रंग वेगळे किंवा उजेड जास्त दिसू शकतो. तेव्हा गाडी चालवायची नाही.